सुजाता, ते जनुकावरच बसलं होतं

सुजाता, तुझ्या शोकसभेत मी भांडले. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. तू असतीस तर आधी कपाळाला हात लावला असतास, मग मला दंडाला धरून बाहेर नेलं असतंस आणि जिन्यात दबक्या आवाजात म्हणाली असतीस, "माधवी, कुठं काय बोलावं हे तुला कधी कळणार गं?" नाहीच कळलं. पण आता दंडाला धरणारं कुणी नव्हतं.

सभा तुमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये होती, दिल्लीत, मयूर विहारला. खुर्च्यांवर कुठल्यातरी लग्नाची लाल कव्हरं तशीच राहिली होती. फोटो तुझ्या नवऱ्याने, नितीनने निवडलेला, गुरुग्रामच्या ऑफिसातला, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. मला तो फोटो आवडला नाही. त्यात तू समोरच्याला बरं वाटावं म्हणून हसतेयस. तुझ्या भावाने बुद्धवंदना म्हटली. काकू, तुझी आई, पहिल्या रांगेत बसल्या होत्या, पदर डोक्यावरून घेऊन, हिंदीत कोण काय बोलतंय ते ओठांवरून वाचायचा प्रयत्न करत. शेजारणी एकेक करून उठल्या. "बहुत शांत थीं." "कभी ऊँची आवाज़ में बात नहीं की." जो तो तुझ्या शांतपणाचं कौतुक करत होता आणि माझं डोकं तापत होतं. तू शांत कधी होतीस? तू गप्प होतीस. त्या हॉलमध्ये हा फरक मला आणि आणखी एकाच माणसाला माहीत होता, आणि तो माणूस काठी टेकत माइककडे निघाला होता.

आपले सर.

ते काय बोलले ते सांगते. पण आधी मला आपली लॅब आठवू दे, कारण त्या हॉलमध्ये ती कुणालाच आठवत नव्हती.

आपल्या लॅबला बेकरीसारखा वास यायचा. तू परभणीहून आलेलीस, एका ट्रंकेसह, आणि आल्या आल्या माझ्या मराठीवर हसलीस. मी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, घरात मराठी बोलायचे पण निम्मे शब्द हिंदी. माझ्या प्लेटवर एकदा हिरवट ठिपके उगवले तेव्हा मी ओरडले, "अगं, फफूंद लग गई!" तू शांतपणे म्हणालीस, "बुरशी म्हण. बुरशी आलीये. फफूंद काय!" तो शब्द माझ्या आजीचा होता आणि मी तो हरवला होता. असे कितीतरी शब्द तू मला परत दिलेस. आज मी हे मराठीत लिहू शकते, ते तुझ्यामुळे. हे तुला मी कधी सांगितलं नाही, कारण तू लगेच म्हणाली असतीस, "बरं बरं, आता ऱ्हस्व-दीर्घ बघ."

आपण यीस्टवर काम करत होतो. नातेवाइकांना सांगितलं की ते विचारायचे, "म्हणजे पावात घालतात तेच?" तेच. एकेकटी पेशी. तिच्यावर मिठाचं पाणी ओतलं की तिच्यातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि ती आक्रसते. जगायचं तर तिला ताबडतोब काही जनुकं चालू करावी लागतात, म्हणजे त्यांच्या नकला काढून त्यांवरून नवी प्रथिनं बनवावी लागतात. बाहेर मीठ आलंय ही खबर आत नेतं ते किनेज. किनेज हेही एक प्रथिनच, पण दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेटची चिमुकली खूण चिकटवणारं. ती खूण चिकटली की समोरच्याचं वागणं बदलतं, झोपलेलं असेल तर जागं होतं, जागं असेल तर गप्प बसतं. आपण शिकलो होतो ते असं की किनेज पेशीच्या केंद्रकात जातं, जनुक चालू करणाऱ्या प्रथिनाला खूण चिकटवतं आणि बाजूला होतं. पुढचं सगळं इतर करतात.

तुला ते पटत नव्हतं. का, ते तू कधी नीट सांगू शकली नाहीस. "इतक्या घाईनं आत जातं आणि लगेच रिकामं बसतं होय?" एवढंच म्हणायचीस. मग तू मीठ घातलेल्या पेशी जिथल्या तिथे थिजवल्यास, त्यांच्यातून फक्त किनेज ओढून काढलंस आणि त्याला धरून डीएनएचा कोणता तुकडा बाहेर येतो ते पाहिलंस. डीएनएचे तुकडे वेगळे करून दाखवणाऱ्या जेलवर पट्टी आली. मिठाने जागं होणाऱ्या जनुकाचीच. मीठ न घातलेल्या पेशींत काहीच नाही. म्हणजे किनेज खूण चिकटवून निघून जात नव्हतं. ते जनुकावर बसत होतं, नक्कल काढणाऱ्या यंत्रणेला खेटून, आणि नक्कल काढली जात होती तोवर तिथून हलत नव्हतं.

त्या दुपारी तू मला हाक मारलीस तो आवाज मला अजून ऐकू येतो. "माधवी, इकडे ये. पटकन. आणि खोटं बोलू नकोस, दिसतंय तेच सांग." मी वाकून पाहिलं. दिसत होतं. स्वच्छ दिसत होतं. आपण दोघींनी गच्चीवर जाऊन उन्हात शेंगदाणे खाल्ले आणि तू पहिल्यांदाच म्हणालीस की तुला प्राध्यापक व्हायचंय.

आठवड्याच्या मीटिंगमध्ये सरांनी ते चित्र बघितलं आणि हसले. "सुजाता, किनेज चपरासी है. चिट्ठी दी, काम ख़त्म. चपरासी साहब की मेज़ पर नहीं बैठता."

सगळी लॅब हसली. तू हसली नाहीस. तुझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. सरांना ते माहीत होतं, कारण मुलाखतीत आडनावानंतर त्यांनी तुला तेच विचारलं होतं. मला असलं काही विचारलं नव्हतं. माझ्या आडनावानंतर कुणाला पुढचा प्रश्न सुचत नसे.

तू फक्त म्हणालीस, "सर, वो लौटता हुआ दिख नहीं रहा." सर म्हणाले, चिकटून आलं असेल, पुन्हा करून बघ. तू पुन्हा केलंस. दुसऱ्या जनुकावर बघ म्हणाले, तिथे नव्हतं, जसं नसायला हवं होतं तसंच. किनेजचं काम मारून टाकून बघ म्हणाले, तेही केलंस. प्रत्येक वेळी तुझं बरोबर निघायचं आणि प्रत्येक वेळी त्यांना एक नवीन शंका यायची. शंका घेणं हे त्यांचं कामच होतं, मान्य. पण त्याच काळात माझ्या कामावर त्यांनी एक शंका घेतली आणि पेपर छापायला पाठवून दिला. माझी पट्टी तुझ्यापेक्षा फिकट होती. मी ते त्यांच्या तोंडावर बोलले. ते म्हणाले, "यू आर फ़ीस्टी, माधवी. गुड."

आणि मग एका सकाळी लायब्ररीत परदेशातल्या एका लॅबचा पेपर आला. किनेज जनुकावर जाऊन बसतं. तुझंच चित्र, दुसऱ्याच्या हातचं. सर म्हणाले, "अच्छा है. कन्फ़र्म हो गया." एवढंच. आणि चहा मागवला.

कँटीनमधलं ते भांडण. आपण जन्मभर तेच एक भांडण भांडलो ना, सुजाता? मी म्हणत होते, चल, डीनकडे जाऊ, मी साक्ष देते. तू वरणात पोळी बुडवत बसलीस.

"तू भांडलीस तर संध्याकाळी बसने घरी जाशील," तू म्हणालीस. "तुझी आई गरम भात वाढेल. मी भांडले तर हॉस्टेलची खोली जाईल आणि मी परभणीला. तिथं सगळे विचारतील, काय करून आलीस म्हणून."

"पण तू बरोबर आहेस!"

"तू ओरडलीस तर म्हणतात, पोरगी तडफदार आहे. मी ओरडले तर म्हणतील, यांचं हे असंच असतं. मग किनेज राहील बाजूला आणि सगळे माझ्याबद्दल बोलतील. जाऊ दे."

जाऊ दे. हे दोन शब्द तू ज्या आवाजात म्हणायचीस त्याचा मला इतका संताप यायचा, आणि अजून येतोय. तुझं म्हणणं खरं होतं म्हणून तर जास्त येतोय.

तू प्रबंध पूर्ण केलास, पदवी घेतलीस आणि लॅबकडे पाठ फिरवलीस. गुरुग्राममध्ये औषध कंपन्यांसाठी अहवाल लिहायची नोकरी. मयूर विहार ते गुरुग्राम, मेट्रोत उभं राहून, रोज. मी संशोधनात राहिले, सरांच्याच शिफारशीवर. मला वाटायचं, तू एक दिवस म्हणशील की कंटाळा आला, परत येते. तू कधी म्हणाली नाहीस. आपण भेटलो की तू माझ्या विद्यार्थ्यांच्या प्लेटांबद्दल विचारायचीस, त्यांचे प्रयोग फोनवर सुधारून द्यायचीस, आणि मी त्या एका पेपरचा विषय काढला की पर्समध्ये किल्ल्या शोधायला लागायचीस.

मग तो खोकला. आयुष्यात कधी सिगारेट हातात न धरलेल्या तुझ्या फुप्फुसात गाठ. दिल्लीच्या हवेला शिव्या द्याव्यात की नशिबाला, मला कळेना. तपासणीनंतर तरुण डॉक्टर तुला समजावू लागला, "ये गोली एक स्विच को बंद करती है, मैडम." तू खुर्चीत पुढे सरकून विचारलंस, "कौन-सा किनेज?" त्याने मान वर केली. मग तुम्ही दोघं बोलतच राहिलात. गोळी किनेजच्या कुठल्या खोबणीत जाऊन बसते, बसली की पुढची जनुकं कशी थंडावतात, सगळं. बाहेर लोक कुरकुरायला लागले, नर्सने दोनदा डोकावून पाहिलं. तुझे डोळे चमकत होते. "आप डॉक्टर हैं?" त्याने विचारलं. "नहीं," तू म्हणालीस, "यीस्टवाली हूँ." तुला इतकं खूश मी किती वर्षांनी पाहत होते, आणि ते कॅन्सरच्या दवाखान्यात. टॅक्सीत तू म्हणालीस, "बघ, मी विषय सोडला तरी विषयानं मला सोडलं नाही." मी हसले. घरी जाऊन रडले.

गोळीने काम केलं. तुझं वजन वाढलं, तू पुन्हा मेट्रोने जायला लागलीस. मग हळूहळू गोळी कमी पडायला लागली. तूच मला समजावलंस, "पेशी हुशार असतात गं. एक रस्ता अडवला की दुसरा काढतात. यीस्टमध्ये नाही का बघितलं आपण?" बघितलं होतं. तेव्हा आपण त्यावर टाळ्या वाजवल्या होत्या.

शेवटचं भांडण तुझ्या बाल्कनीत झालं. थंडीतलं कोवळं ऊन होतं, तू शाल लपेटून मटार सोलत होतीस, एक शेंग सोलली की थांबायचीस. मी म्हटलं, आता तरी कुठेतरी लिहिते, त्या पट्टीबद्दल, तुझ्या नावानिशी.

"किनेज जनुकावर बसतं हे आज पुस्तकात आहे," तू म्हणालीस. "कुणी आधी पाहिलं यानं यीस्टला काय फरक पडतो?"

"यीस्टला नाही. मला पडतो."

"मग तो तुझा प्रश्न आहे, माधवी. माझा नाही. मी गेल्यावर माझ्या नावानं भांडू नकोस."

मी हो म्हटलं नाही. तुला आठवत असेल, मी हो म्हटलं नाही. मी काही बोलणार तेवढ्यात नितीन चहा घेऊन आला, आणि त्यानंतर तुला बोलताना दम लागायला लागला. ते भांडण तिथेच अर्धवट पडलंय.

तर सर माइकसमोर उभे राहिले. म्हातारे झालेत. "सुजाता मेरी सबसे क़ाबिल स्टूडेंट थी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. "आज सब मानते हैं कि किनेज ख़ुद जीन पर जाकर बैठता है. हमारी लैब में ये हमने सबसे पहले देखा था. मैं उसे हमेशा कहता था, अपने डेटा पर भरोसा रखो."

हमने. मैं उसे कहता था.

मी कधी उभी राहिले ते मला कळलं नाही. "सर, आपने भरोसा रखने को नहीं कहा था," मी म्हटलं. माइकची गरजच पडली नाही. "आपने कहा था, किनेज चपरासी है. देखा सुजाता ने था, अकेली ने. आपने उसे रोके रखा."

सरांनी चष्मा काढला. "माधवी, ये वक़्त नहीं है."

"तो कब है, सर? जब वो थी, तब भी नहीं था."

नितीन उठून माझ्यापर्यंत आला. "बस, माधवी. प्लीज." सोसायटीच्या सेक्रेटरींना काय करावं सुचेना, त्यांनी घाईघाईने जाहीर केलं, "दो मिनट का मौन." सगळे खुर्च्या सरकवत उभे राहिले. तुझ्यासाठी पाळलेल्या त्या मौनात अर्धे लोक माझ्याकडे बघत होते.

बाहेर नितीनने मला गाठलं. "तिनं तुला नको म्हटलं होतं ना?"

"हो."

"मग? आजचा दिवस तिचा होता. तू तो सरांचा करून टाकलास." तो रडत होता. तेव्हापासून तो माझा फोन घेत नाही. त्याचं म्हणणं चूक नाही. माझंही नाही. आणि या दोन्ही गोष्टी ज्या एका माणसाला एकत्र समजल्या असत्या ती तू.

मग सरांचा फोन आला. मला वाटलं, ओरडतील. ते फार सावकाश बोलले. म्हणाले, "चपरासीवाली बात मुझे याद नहीं, पर कही होगी." मग म्हणाले, "वो पेपर आने के बाद मैंने उसे बुलाया था. कहा, चलो, हम भी लिखते हैं, तुम्हारा नाम पहला. उसने मना कर दिया. बोली, सर, अब मुझे नहीं चाहिए. तुम्हें नहीं बताया उसने?"

नाही. मला सांगितलं नाहीस.

त्या फोनपासून मी हेच चघळत बसलेय. सर खोटं बोलत असतील तर त्यांच्याइतका हलका माणूस नाही, कारण खोडून काढायला तू नाहीस हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आणि खरं बोलत असतील, तर तू मला इतकी वर्षं तुझ्या वतीने जळू दिलंस? तुझ्यासाठी मी त्या माणसाशी मनातल्या मनात भांडत राहिले, त्याच्याच शिफारशीवर पुढे जात राहिले, आणि तुझ्याकडे हे होतं, आणि तू किल्ल्या शोधत राहिलीस? तुला तेव्हा उरलंसुरलं नको होतं, हे मी समजू शकते. मला का नाही सांगितलंस, ते समजू शकत नाही. माझ्या रागाचा तुला आधार वाटत होता का? की माझी कीव येत होती? सुजाता, मेलेल्या माणसावर चिडणं किती अपमानास्पद असतं याची तुला कल्पना नाही. तिकडून साधं "जाऊ दे" सुद्धा येत नाही.

काकू परभणीला परत निघाल्या त्या सकाळी मी मयूर विहारला गेले. नितीन मला बघून आत निघून गेला. काकू बॅगेत साड्या घालत होत्या. मला म्हणाल्या, "बस. त्या दिवशी तू त्या म्हाताऱ्याला काय म्हणलीस? मला एक चपरासी तेवढं कळलं. हिच्या वडलांबद्दल बोलले का ते?"

"नाही, काकू. सुजातानं जे शोधून काढलं होतं, त्याबद्दल."

"काय शोधलं होतं? मी विचारलं की म्हणायची, आई, तुला नाही कळायचं. तू सांग. मला कळंल असं सांग."

मी सांगितलं. तुझ्या शब्दांत, जमेल तसं. पावातलं यीस्ट, त्याची एवढीशी पेशी, वरून मिठाचं पाणी, आक्रसलेली पेशी, आत धावत जाणारं किनेज, त्याने चिकटवलेली खूण. सगळे मानायचे की खूण चिकटवली की ते मागे फिरतं. सुजाताने दाखवलं की ते फिरत नाही. काकू साडीची घडी हातात धरून ऐकत होत्या. मधेच थांबवून त्यांनी विचारलं, "मिठानं मरत नाही ती पेशी?"

"नाही मरत. हे सगळं वेळेवर झालं तर जगते."

"म्हणजे ते नुसता निरोप देऊन माघारी येत नाही. काम होईस्तोवर तिथंच बसतं."

"हो. तेच तिनं पाहिलं."

"आणि ते खरं निघालं?"

"खरं निघालं, काकू. आता जगभर शिकवतात."

"तिला ठाऊक होतं? खरं निघालं म्हणून?"

"हो. ठाऊक होतं."

त्यांनी ती साडी बॅगेत ठेवली, परत बाहेर काढली, मांडीवर घेतली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मग घरी का नाही सांगितलं गं तिनं? मी गल्लीभर पेढे वाटले असते."